लॅमिनेशन मशीनला शिव्या देण्यापूर्वी

अभिनंदन! तुमच्या दुकानात १६० सेंटिमीटर रुंदीचं कोल्ड लॅमिनेशन मशीन आलं आहे. मालकांनी त्याला हार घातला, समोर नारळ फोडला आणि नारळाचं पाणी नेमकं खालच्या रोलरवर उडालं. त्यामुळे पहिली पायरी आपोआप ठरली : रोलर पुसा.

मऊ, धागे न सोडणारं फडकं आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढं पुरतं. थिनर आणि पेट्रोल लांब ठेवा, त्यांनी सिलिकॉनचं रबर फुगतं. चिकटलेला गोंद ब्लेडने खरवडणारा एक उत्साही माणूस प्रत्येक दुकानात असतो. त्याला चहा आणायला पाठवा. रोलरवर एकदा चीर पडली की ती प्रत्येक फेऱ्याला प्रिंटवर हजेरी लावते. रोलरचा व्यास १०० मिलिमीटर असेल तर दर जवळजवळ साडेएकतीस सेंटिमीटरला. शाळेत ‘पाय’चा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर दाखवता येईल.

मशीनमध्ये काय घालायचं नाही तेही आत्ताच सांगून टाकतो. वाढदिवसाचा फ्लेक्स घालू नका. फ्लेक्सला फिल्म लागत नाही. तो टिकावा अशी फ्लेक्सवरच्या माणसाखेरीज कोणाची इच्छाही नसते. फिल्म चढवायची ती व्हिनाइलच्या प्रिंटवर : दुकानाची पाटी, टेम्पोची बाजू, फरशीवरचं स्टिकर, प्रदर्शनातले सनबोर्ड. ऊन, पाऊस, ओरखडे आणि येणाजाणाऱ्यांची नखं या चौघांपासून ती शाईला वाचवते.

दुसरी पायरी : शाई वाळू द्या. महाराष्ट्रात ही पायरी वगळण्याची जुनी प्रथा आहे.

सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट शाईचं प्रिंट यंत्रातून बाहेर येतं तेव्हा हाताला कोरडं लागतं, आणि तिथेच सगळे फसतात. वरचा थर सुकलेला असतो, पण सॉल्व्हंट अजून शाईत आणि व्हिनाइलच्या पोटात असतं. त्याला हवेत उडून जायला किमान २४ तास द्यावेत, ४८ दिले तर उत्तम. गडद रंगांना आणखी सवड लागते, कारण तिथे शाई जास्त पडते. एवढा वेळ प्रिंट सैल गुंडाळून उभं ठेवा किंवा टांगा. घट्ट गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवलंत तर ते अर्धवट वाळलेले पापड डब्यात भरल्यासारखं होईल : वास आतच कोंडतो आणि झाकण उघडल्यावर सगळ्यांना कळतं.

ओल्या प्रिंटवर फिल्म चढवली की सॉल्व्हंटला वरून वाट उरत नाही. मग ते गोंदात शिरून त्याला मऊ करतं. चार दिवसांनी कडा उचलल्या जातात, मध्ये फुगे येतात, व्हिनाइल आकसतं. प्रिंट मशीनमधून निघताना मात्र काचेसारखं गुळगुळीत असतं. म्हणून तर कोणी शिकत नाही. फुगे येतात ग्राहकाच्या भिंतीवर, आणि तोवर तुम्ही पुढचं ओलं प्रिंट आत ढकललेलं असतं.

आता प्रश्न ग्राहकाचा. तो संध्याकाळी साडेसातला येतो, मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवतो, आणि उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला असतं. निमंत्रणपत्रिका महिनाभर आधी छापल्या होत्या, मांडव आठवडाभर आधी सांगितला होता, पाटीची आठवण मात्र हाराची ऑर्डर देताना झाली. त्याला सॉल्व्हंटचं रसायनशास्त्र समजावू नका. दोनच पर्याय सांगा : आज बिनफिल्मची पाटी घेऊन जा आणि पुढच्या आठवड्यात बदलून घ्या, किंवा लॅटेक्स शाईवर छापून घ्या. लॅटेक्स शाई यंत्रातच उष्णतेने पक्की होते, तिला थांबावं लागत नाही. तिसरा पर्याय मालक सांगतात, “होऊन जाईल.” गणपतीच्या आधीच्या आठवड्यात हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की नवख्याला ती एखादी तांत्रिक सेटिंग वाटावी.

तिसरी पायरी, फिल्म चढवणं. गोंदाची बाजू कुठली ते आधी पाहा. ती रोलरकडे गेली तर फिल्म प्रिंट सोडून रोलरलाच मिठी मारते, आणि ती सोडवण्यात दुपार जाते. फिल्मच्या रोलला ब्रेक असतो. सुरकुत्या जाव्यात म्हणून नवशिके तो करकचून आवळतात. सुरकुत्या जातातही, पण ताणलेली फिल्म चिकटल्यावर हळूहळू पूर्वपदावर येऊ पाहते आणि अख्खं प्रिंट आपल्याकडे वळवून घेते. सकाळी टेबलावर सपाट ठेवलेलं प्रिंट संध्याकाळी पन्हळीसारखं दिसलं तर ब्रेक सैल करा. फिल्म सपाट राहील इतपत ताण हवा, त्याहून गुंजभरही जास्त नको.

मग दाब. वरच्या रोलरच्या दोन्ही टोकांना दाबाची सोय असते, आणि दोन टोकांचं आपसात पटतंच असं नाही. दोन्हीकडे कागदाची एकेक पट्टी घालून रोलर खाली घ्या आणि पट्ट्या ओढून पाहा. एक सहज सुटली आणि दुसरी हलेना, तर प्रिंट तिरकं सरकणार आणि तिरप्या सुरकुत्या पडणार हे ठरलेलं आहे. या दोन पट्ट्यांच्या परीक्षेला मिनिटही लागत नाही. तरी ती कोणी करत नाही, कारण तिच्यात मशीनचा आवाज होत नाही आणि मालकांना काम चालू आहे असं वाटत नाही.

प्रिंट आत सोडताना घाई नको. पुढे एक ताठ पुठ्ठा लावा, मिनिटाला मीटरभर एवढ्याच गतीने सुरू करा आणि प्रिंट सरळ आहे याची खात्री पहिल्या फुटातच करून घ्या. फुटाला एक मिलिमीटर तिरकं गेलं, तर पाच मीटरच्या शेवटी ते दीड सेंटिमीटरहून जास्त सरकलेलं असतं. मधेच ओढून ते सरळ होत नाही; त्यातून फक्त सुरकुती तयार होते. हात घालायचाच असेल तर रोलरच्या तोंडापासून लांब घाला. मनगटावरचे गंडेदोरे, ब्रेसलेट, लोंबणारी ओढणी आधी आवरा, आणि लाल बटण कुठे आहे ते गरज पडण्यापूर्वी शोधून ठेवा.

बाहेर आलेल्या प्रिंटवर काळ्या भागात चांदीसारखी झाक दिसली, तर फिल्म आणि शाई यांच्यात बारीक हवा राहिली आहे. यूव्ही शाईचा पृष्ठभाग खडबडीत असतो, तिथे हे हमखास होतं. वरचा रोलर गरम करण्याची सोय असेल तर ४० ते ५० अंश ठेवा, गती कमी करा, दाब थोडा वाढवा. त्याहून तापवू नका. कोल्ड फिल्मचा गोंद फक्त मऊ करायचा आहे.

दोष ओळखायचे असतील तर मोजपट्टी जवळ ठेवा. डाग ठरावीक अंतराने परत येतो? रोलरला काहीतरी चिकटलं आहे. डाग कुठेही, कसाही आहे? धूळ. (दुकानाच्या दारात सनबोर्ड कापत बसलं की तिचा पुरवठा अखंड राहतो.) लांबीच्या दिशेने सुरकुत्या असतील तर ताण, तिरप्या असतील तर दाब किंवा वाकडी सुरुवात तपासा. फिल्मखाली अडकलेल्या केसाचा मालक मात्र आजवर कुठल्याच दुकानात सापडलेला नाही.

सनबोर्डवर चिकटवायचं असेल तर मागचा कागद दोन बोटं सोलून दुमडा आणि तेवढी कड बोर्डावर बसवा. मग बोर्ड रोलरच्या तोंडाशी आणा, उरलेलं व्हिनाइल वरच्या रोलरवर उलटं टाका आणि बोर्ड आत जाईल तसा कागद ओढत राहा. बोर्ड ३ मिलिमीटरचा की ५ चा, हे रोलर खाली घेण्यापूर्वी पाहा, नंतर नाही. रात्री जाताना रोलर उचलून ठेवा. दाबून ठेवलेल्या रबराला एका जागी सपाटपणा येतो आणि सकाळी तो प्रत्येक प्रिंटवर आडवा पट्टा होऊन उमटतो.

एवढं करूनही एखादा फुगा राहिलाच, तर बारीक सुई आडवी धरून कडेला टोचा आणि फेल्ट लावलेल्या पट्टीने हवा भोकाकडे सारा. फुगा नेत्याच्या गालावर असेल तर हे काम मालकांकडून करवून घ्या. खालच्या शुभेच्छुकांच्या रांगेत असेल तर सोडून दिला तरी चालतो, फक्त बिल त्यांच्यापैकी कोण देणार आहे ते आधी विचारून घ्या.