जंगालाचे मोल

तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यातले ताक कळकते आणि काठावर हिरवा जंगाल चढतो, हे आमच्या आजीला पक्के ठाऊक होते. परंतु तोच जंगाल योग्य गृहस्थाच्या देखरेखीखाली चौकटीवर ताणलेल्या कापडावर चढला असता त्याचा जाहीर लिलाव होतो, हे ज्ञान तिला अखेरपर्यंत लाभले नाही, आणि ती बिचारी चिंच-मीठ लावून आयुष्यभर कलाकृतींचा संहार करीत राहिली.

हे योग्य गृहस्थ म्हणजे पॉप कलेचे अध्वर्यू अँडी वॉरहॉल. १९६२ साली लॉस एंजेलिस येथे त्यांनी कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली, तेव्हा एकेका चित्राची किंमत १०० डॉलर होती. पुढे १९७७-७८ च्या सुमारास त्यांची प्रतिभा मूर्ताकडून अमूर्ताकडे वळली, आणि तांब्याची भुकटी मिसळलेल्या ओल्या रंगावर लघुशंका करून हिरव्या-काळ्या छटा उमटविण्याची रीत त्यांनी प्रचारात आणली. ज्याने सूप रंगविले, त्याने सूपच्या अंतिम परिणतीचाही साक्षेपाने विचार केला, एवढेच.

आता हे चित्र विक्रीस निघाले म्हणजे कर्तृत्वाचा पेच पडतो. जुन्या दफ्तरात ‘दस्तुरखुद्द’ असा शेरा आढळला की मजकूर धन्याच्या हातचा समजावा, असा प्रघात; येथे हाताचा संबंध बेताचाच, आणि धन्याचा असेलच असेही नाही. मदतनीस रॉनी कट्रोन ब जीवनसत्त्व भरपूर घेत असल्यामुळे त्यांच्या योगदानाला विशेष सुंदर रंग येतो, सबब त्यांनी सकाळी उठल्यावर मोकळे न होता कचेरीत पोहोचेपर्यंत धीर धरावा, असे आपण बजावल्याचे वॉरहॉल यांनी स्वतःच रोजनिशीत नमूद केले आहे. कचेरीचा भरणा कचेरीतच व्हावा, हा दंडक आमच्या मामलेदार कचेरीतही इतक्या कसोशीने पाळला जात नाही!

रंग कोणाचाही असो, नाव वॉरहॉल यांचे. अशाच पार्श्वभूमीवर त्यांनी १९८२ साली छापलेली चित्रकार बास्किया यांची मुद्रा २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ४ कोटी डॉलरला गेली.

आमच्या नगरपालिकेच्या मागील भिंतीवर ‘येथे लघवी करणाऱ्यास दंड होईल’ असा हुकूम ठसठशीत अक्षरांत लिहिलेला असून, त्याखाली अनेक अनामिकांनी मोबदल्याची अपेक्षा न धरता जी निर्मिती केली आहे, तिच्यात छटांचे वैविध्य यत्किंचितही कमी नाही. उणीव आहे ती तांब्याची आणि नावाची. परवा त्यांपैकी एक कलावंत ऐन निर्मितिक्षणी पकडला गेला. शिपायाने पावतीपुस्तक उघडून अदबीने नाव विचारले. कृतीखाली रीतसर नाव लागण्याची ही आयुष्यातील एकमेव संधी. आणि त्या करंट्याने नाव सांगितले ते शेजाऱ्याचे!