तिकिटावरचा दीड तास

मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर. जेट विमान ताशी आठशेच्या आसपास जातं. चढणं-उतरणं धरलं तरी हवेत सव्वा तास पुरतो. मग तिकिटावर दीड-पावणेदोन तास का?

कारण तो वेळ उडण्याचा नसतोच. विमान गेटवरून मागे ढकललं की घड्याळ सुरू होतं, दुसऱ्या गेटला लागलं की थांबतं. धावपट्टीसाठीची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यातच. वर कंपन्या थोडा राखीव वेळ घालतात. उशीर त्यात मुरतो, आणि तरीही उरलाच तर 15 मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’च धरतात. पेपर काढणारे हेच, सोडवणारे हेच. मग वक्तशीरपणाच्या जाहिरातींवर आम्ही विश्वास का ठेवायचा?

राखीव वेळ मुंबईत लागतो हे खरं. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. फेब्रुवारी 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच सांगितलं, की विमानं शहरावर 40 ते 60 मिनिटं घिरट्या घालताहेत आणि 40 मिनिटांत सुमारे 1.8 लाख रुपयांचं इंधन वाया जातंय. 40 मिनिटं! एवढ्यात नागपूरचं विमान निम्म्याहून जास्त वाट कापतं. उपाय काय, तर गर्दीच्या तासाला 46 ऐवजी 44 उड्डाणं-अवतरणं. एवढ्याने आकाश मोकळं होत नाही.

आणि हे फक्त गेट ते गेट. नागपूरहून परळला टाटा रुग्णालयात तपासणीसाठी येणाऱ्या माणसाचा प्रवास घराच्या दारात सुरू होतो. दोन तास आधी पोहोचा, तपासणीच्या रांगेत उभे राहा, उतरल्यावर बॅगेची वाट बघा, मग मुंबईतली टॅक्सी. पाच तास सहज जातात. आजारी माणसाला हे पाच तास आधी कळायला हवेत. सुट्टी काढून सोबत येणाऱ्या मुलालाही. समृद्धी महामार्गाचंही तेच. 5 जून 2025 ला तो पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला आणि नागपूर-मुंबई आठ तासांत, असं सांगितलं गेलं. पण तो संपतो भिवंडीजवळ आमणेला. तिथून पुढची मुंबई कुणी मोजायची?

प्रत्येक विमान गेटवरून कधी सुटलं, कधी लागलं, याची नोंद रोज होते. विमान वाहतुकीचं नियमन करणारं डीजीसीए दर महिन्याला वक्तशीरपणाचे टक्के छापतं. त्यांच्या शेजारी प्रत्येक मार्गाला प्रत्यक्ष लागलेला वेळ छापा. टर्मिनलच्या दारापासून विमानात बसेपर्यंत किती वेळ गेला, तेही मोजा. आणि हे आकडे तिकीट काढतानाच, भाड्याइतक्याच ठळक अक्षरांत दाखवायला कंपन्यांना भाग पाडा.