घासूनपुसून

आमच्या आणि माईंच्या घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. सांगलीत विश्रामबागेकडे अशा भिंती अजून तग धरून आहेत. १९८६ साली दोन्ही घरं एकाच कंत्राटदाराने बांधली, तेव्हा ती हद्द दाखवायला उभी राहिली असेल. आता तिचा उपयोग वाट्या ठेवायला. इकडून आमटी जाते, तिकडून शेवग्याच्या शेंगा येतात, आणि रिकामी वाटी परत करायची नसते म्हणून पुन्हा इकडून काहीतरी. परवा मात्र माई रिकाम्या हातांनी भिंतीशी आल्या. म्हणजे प्रकरण गंभीर.

“काय गं, आठवडाभर घरात गिरणी टाकली होतीस का?”

“फरशी घासून घेतली, माई.”

“घासून? अगं, मी सुनेला फोन करून मोकळी झाले, शेजारी नव्या टाइल्स बसताहेत म्हणून! आणि मधले तीन दिवस सगळं एकदम गप्प होतं, ते काय? मला वाटलं, तुमचं दोघांचं वाजलं.”

वाजलं होतंच, पण ते फार आधी. ह्यांना व्हिट्रिफाइड हवी होती. दुकानात जाऊन चार फूट बाय दोन फुटांच्या, आरशासारख्या टाइल्स बघूनही आले होते. दुकानदाराने चहा पाजला, म्हणजे अर्धा सौदा झालाच. मग माझा भाचा आला. तो सिव्हिलवाला. त्याने चहा पिता पिता जमिनीकडे बघितलं आणि म्हणाला, “काका, सहाशे चौरस फूट फरशी आणि तिच्याखालचा माल उखडलात, तर साधारण सात टन राडारोडा निघेल. तो कुठे टाकणार?”

“सात टन?” माईंनी पदर खोचला. “आपल्या घरात?”

“मलाही खरं वाटलं नाही. त्याने हिशोब करून दाखवला. फरशी जवळजवळ इंचभर जाड, खाली दीड इंच सिमेंट-वाळू. हे म्हणाले, मग उखडायचीच नाही, वरूनच नवी चिकटवू. तर भाचा म्हणतो, चिकटवा, पण आठही दारं खालून तासावी लागतील, न्हाणीघराचा उंबरा बुडेल, आणि मावशीला ओटा बुटका होईल.”

“ओट्याचं ऐकून तू काय म्हणालीस ते मी सांगू का?”

“नको.”

माईंना सगळं कळतं. त्यांचे यजमान बांधकाम खात्यात होते. घरं बांधली जात होती तेव्हा दोन्ही घरांच्या फरशीवर पाणी मारायला माईच उभ्या असायच्या. फरशी बसवली की सांधे सिमेंटने भरायचे, आठवडाभर ती ओली ठेवायची आणि मगच घासायला घ्यायची. हे त्या सांगत होत्या तेव्हा मला वाटलं, मी ज्याला नवीन शोध समजत होते, तो ह्या बाईने माझ्या लग्नाआधी पाहिलाय.

“अगं, मोझॅइक म्हणजे घासायचीच फरशी,” माई म्हणाल्या. “संगमरवराची चुरी आणि सिमेंट. दाबयंत्रात दाबायची, पाण्यात मुरवायची. भट्टी नाही, काही नाही. तुझ्या त्या व्हिट्रिफाइडला मोरबीत बाराशे डिग्रीवर भाजतात. तिची चमक गेली की गेली. हिची घासली की खालून पुन्हा तीच निघते. बर्फीसारखं आहे. मोझॅइक आत कापलीस तरी पिस्ता, आणि ती दुसरी म्हणजे वरून नुसता वर्ख लावलेली.”

इथे माईंचं पूर्ण खरं नाही. व्हिट्रिफाइडमध्येही आरपार एकाच रंगाची जात असते. आणि मोझॅइकचाही पिस्ता तळापर्यंत नसतो. भाच्याने मला आय. एस. १२३७ का काहीतरी सरकारी मानकच ऐकवलं होतं. मोझॅइकच्या टाइलला दोन थर. वरचा चुरीचा, किमान पाच-सहा मिलिमीटर. खाली नुसती सिमेंट-वाळू. एका घसाईत त्यातला मिलिमीटरभरही जात नाही, पण म्हणून दर दिवाळीला घासत सुटलं तर एक दिवस वाळूच हाती येईल. हे मी माईंना सांगितलं नाही. बर्फीची उपमा त्यांना स्वतःलाच फार आवडली होती.

“पण तुझी एवढी खराब झालीच कशी? माझी बघ.”

“तुमच्याकडे चपला बाहेर काढतात.”

हे खरं कारण. चपलेखालची वाळू म्हणजे पॉलिशकागद, रोज थोडा थोडा फिरतो. पण माझा मोठा गुन्हा वेगळाच, तो मिस्त्रीने आल्या आल्या पकडला. स्वयंपाकघरात वाकला, बोट फिरवलं आणि विचारलं, “ताई, संडासचं ॲसिड इथं मारलं होतं काय?” मारलं होतं. मुंजीच्या आधी, हळदीचे डाग जावेत म्हणून. डाग गेले आणि त्यांच्याबरोबर फरशीही गेली. ॲसिड सिमेंटला खातं आणि संगमरवराच्या चुरीलाही खातं. लिंबू, चिंच, ताकसुद्धा तेच करतं, फक्त सावकाश. माझ्या ओट्याखाली कोकमाच्या सरबताचा एक नकाशा होता, त्याचं कारण मला इतक्या वर्षांनी कळलं.

“मग? मिस्त्रीने काय केलं?”

“आधी दांड्याने एकेक टाइल ठोकत सगळ्या घरभर फिरला. वैद्य नाडी बघतो तसा. कुठे टणटण, कुठे डबडब. अकरा टाइल डबडब निघाल्या. म्हणजे खालचा माल सुटलेला. त्या आधी काढून पुन्हा बसवायच्या, नाहीतर मशिन वर आलं की फुटतात. काढताना चार फुटल्याच.”

“आणि मग चार टाइल आणल्यास कुठून? आता कोण करतंय तसली?”

इथे मला थोडा वेळ थांबायचं होतं, कारण ही माझ्या गोष्टीतली सर्वांत चांगली जागा होती. “जिन्याखाली. मामंजींनी दोन डझन उरलेल्या टाइल्स पोत्यात बांधून ठेवल्या होत्या. मी दर वर्षी म्हणायची, भंगारवाल्याला देते.”

“सासऱ्यांचं काहीतरी ऐकायला हवं होतं म्हणायचं,” माई म्हणाल्या आणि आमच्या जिन्याच्या दिशेने उगीचच मान हलवली.

मग मशिन. एक मोठं, गोठ्यातल्या रेडकाएवढं, आणि एक हातातलं, कोपऱ्यांसाठी; मोठं काही भिंतीला भिडत नाही. खाली खरखरीत दगड लावतात. आधी साठ नंबरचा, तो सगळ्यांत आडदांड. नंबर वाढला की दगड मऊ. पाणी सोडत सोडत घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही. पहिल्या दगडानंतर फरशी इतकी भकास दिसली की हे माझ्याकडे बघायला लागले. मग मिस्त्रीने पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग कालवून सगळे सांधे आणि टोचे भरले आणि म्हणाला, “आता तीन दिवस ओली ठेवा, ह्यावर चालू नका.”

“ते तुमचे गप्प दिवस.”

“तेच. आम्ही गच्चीवर जेवलो. मग एकशेवीस, मग दोनशेवीस, मग तीनशेवीस. शेवटी ऑक्झॅलिक पावडर टाकून नमद्याने घासलं. मिस्त्री म्हणाला, ही विषारी असते, मांजर बांधून ठेवा. माई, त्या पावडरीवर मशिन फिरलं आणि चुरी अशी वर आली! हिरवी, काळी, मोतिया. मला माहीतच नव्हतं आमच्या फरशीत हिरवं आहे.”

“हिरवं होतंच. तुझ्या सासूबाईंनी निवडलं होतं.” माई क्षणभर थांबल्या. “बरं, ते राहू दे. मला आधी हे सांग, गुरुवारी माझ्या जास्वंदीच्या आळ्यात दुधासारखं पाणी कुठून आलं?”

आता आली पंचाईत. मिस्त्रीने बजावलं होतं की घसाईचं पांढरं पाणी पिंपात साठवा, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी टाका आणि गाळ सुकवून राडारोड्यात द्या. ह्यांनी तीन बादल्या मोरीत ओतल्या. दुसऱ्या दिवशी न्हाणी ट्रॅपमध्ये दगड. त्यात सांधे भरण्यातलं ताजं सिमेंटही होतं, ते बसणारच. पाणी तुंबलं, मागे फिरलं आणि भिंतीखालच्या भोकातून सरळ माईंच्या जास्वंदीकडे गेलं. प्लंबरने घसाईच्या खर्चात चांगली भर घातली. मी सगळं ह्यांच्या नावावर टाकलं. ते खरंही होतं.

“जास्वंद जगेल,” माई उदारपणे म्हणाल्या. “पण जावईबापूंच्या शेडमध्येही हेच चाललंय, माहितेय? कुपवाडला.”

कुपवाड एमआयडीसीतल्या जावयाच्या शेडची काँक्रीटची जमीन हा माईंचा जुना विषय आहे. झाडू संपतो पण धूळ संपत नाही अशी ती जमीन. रोज झाडायचं, रोज पिठासारखी पांढरी धूळ, यंत्रांवर, डब्यांवर. मालक मंडळी म्हणत होती, सगळी फोडून नवी ओतू. तेवढे दिवस कारखाना बंद. मग कुणीतरी सांगितलं, फोडू नका, घासा.

“अगं, काँक्रीट ओतताना लोक पाणी बदाबदा घालतात, पसरायला सोपं जातं म्हणून. मग बारीक माल वर तरंगतो, दुधावर साय धरते तसा. ती साय कच्ची राहते. तीच झिजते, तिचीच धूळ. खाली काँक्रीट चांगलं खडीचं, टणक. त्यांनी हिऱ्याचे दात लावलेलं मशिन आणून साय काढून टाकली आणि वर कसलंसं पाणी मारलं.”

“सिलिकेट असेल.”

“तेच. काँक्रीटमध्ये चुना उरलेला असतो, त्याला ते धरतं आणि आत घट्ट होतं. वर रंगासारखं बसत नाही, म्हणून पोपडे धरत नाही. आता जमिनीत खडी दिसते, तुझ्या फरशीसारखीच. पण मी जावयाला झापलं. घासणारी पोरं तोंडाला रुमाल बांधून! कोरडं घासतात तिथे. वाळूची ती धूळ फुफ्फुसात गेली की जन्माचं दुखणं. यजमान सांगायचे, खाणीतल्या माणसांचं काय होतं ते. मी म्हटलं, धूळ ओढणारं यंत्र लावा, पोरांना चांगले मास्क द्या, नाहीतर माझ्या दिवाळसणाला येऊ नका.”

“मग लावलं?”

“लावलं. दिवाळसण मोठा असतो आमच्याकडे. पण एक कोपरा तसाच राहिला. तिथे वर्षानुवर्षं तेल सांडलंय, ते खोल मुरलंय, घासून जात नाही. आणि दाराशी जमीन खचलीय, तिथे भेग आहे. ती बुजवली, पावसाळ्यात पुन्हा उघडेल. जमीनच खाली गेली तर वरून घासून काय होणार?”

मग माई मुद्द्यावर आल्या. त्यांचा पुण्यातला मुलगा दिवाळीला येणार आहे आणि त्याला त्यांचंही घर ‘करून टाकायचं’ आहे. आत मोझॅइक, पुढच्या ओसरीत लाल कोबा.

“आतली घासा, माई. कोब्याला मशिन लावू देऊ नका. मिस्त्रीच म्हणाला. लाल रंग वरच्या पातळ थरातच असतो. साठ नंबर फिरला की खाली करडं सिमेंट. त्याला नुसतं हाताने मेण घासायचं.”

“ते मला सांगतेस? गिरगावात माझ्या माहेरी नक्षीची फरशी होती, भारत टाइल्सची. कंपनी १९२२ सालची, स्वदेशीच्या दिवसांतली. आजोबा म्हणायचे, विलायतेहून मिंटनच्या कशाला आणायच्या? त्या नक्षीचा रंगही असाच, दोन-तीन मिलिमीटर. आई खोबरेलाचं बोट लावलेल्या फडक्याने पुसायची. मग इमारत पाडली, पुनर्विकास. फरशी ट्रकमधून गेली. मी एक तुकडा मागितला, तर मुकादम म्हणाला, आजी, काय करणार?”

“मिळाला?”

“देवघरात आहे. समई ठेवते त्यावर.”

वीस वर्षं मी ती समई बघतेय. तिच्याखाली काय आहे, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग माईंनी जे केलं ते त्या सहसा करत नाहीत. भिंत सोडली, फाटकातून वळसा घालून आमच्याकडे आल्या. उंबऱ्याशी चपला काढल्या. बैठकीत अनवाणी उभ्या राहिल्या, तळवे सरकवून बघितले. काही बोलल्या नाहीत. हिरव्या चुरीजवळ वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि थेट ओट्याच्या कडेला, जिथे मी आदल्या दिवशीच नवं पायपुसणं टाकलं होतं, तिथे थांबल्या. अंगठ्याने पायपुसणं बाजूला सारलं.

“आणि हे?”

सिलिंडरच्या बुडाचं गंजाचं कडं. पूर्ण गोल, तांबूस. ऑक्झॅलिकने फिकं झालं, गेलं नाही. मिस्त्री म्हणाला होता, आणखी खोल गेलो तर चुरी संपेल.

“माझ्याकडे दोन आहेत,” माई म्हणाल्या. “एक रेशनच्या रॉकेलच्या डब्याचं. मिस्त्रीचा नंबर दे. आणि तो पिंपाचा मजकूर नीट सांग, आमच्या मोरीचं पाणी तुझ्या कढीपत्त्याकडे येतं.”

नंबर लिहून दिला. माई येताना रिकाम्या हातांनी आल्या होत्या. जाताना माझी वाटी घेऊन गेल्या, आमटीची.