लोडकाका

पूर्वी आमच्या दापोलीत लोड म्हणजे गादीवरचा. पाहुणे आले की झटकून त्यांच्या पाठीशी सरकवायचा. हल्लीची पोरं ‘लोड घेऊ नको’ म्हणतात, तो दुसरा. आमच्या आळीत आणखी तिसरा लोड आहे. तो वॉटमध्ये मोजतात, आणि मोजायला एक गृहस्थ आहेत. त्यांचं खरं नाव मतदारयादीत असेल. आम्ही त्यांना लोडकाका म्हणतो, आणि त्यांना ते मनातून आवडतं असा माझा संशय आहे.

काकांची विद्या भारनियमनाच्या पोटी जन्मली. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं (आळीत अजून ‘एमएसईबी’च म्हणतात), आणि त्याच सुमारास दिवे जाण्याचं वेळापत्रक घरोघरी पाठ झालं. ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधार जास्त, असा हिशेब. काकांनी आयुष्यात एक बिल उशिरा भरलेलं नाही. दुसऱ्यांच्या थकबाकीपायी आपल्या ताटातली आमटी दिसू नये, हे त्यांच्या न्यायबुद्धीला पटेना. त्यात खाडीपलीकडे एवढा थोरला वीजप्रकल्प उभा. नाव आमच्या तालुक्यातल्या दाभोळचं, चिमण्या गुहागर तालुक्यात. १९९९ साली सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. ‘‘नाव आपलं, जमीन त्यांची, वीज कोणाचीच नाही. असे दावे मी तीस वर्षं पाहिलेत,’’ असं काका म्हणत. काका कोर्टात नाझर होते.

त्या पावसाळ्यात काकांनी ठरवलं, घरी जनरेटर घ्यायचा. मी हे लिहितोय तेव्हाही ते ठरलेलंच आहे.

मधल्या काळात प्रकरणाला तारखा पडत गेल्या, एवढंच. आधी रॉकेलवरचा छोटा जनरेटर जवळजवळ नक्की झाला होता. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर ढकलायचा. पण रेशनचं रॉकेल त्यात ओतणं नाझराला शोभेना आणि बाजारातलं परवडेना. मग डिझेलचा विचार झाला. त्याला लोड कमी पडला तर इंजिन कार्बन धरतं, म्हणून तो बाद. मग इन्व्हर्टर. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर पंखा माजघरात भुंगा शिरल्यासारखा गुणगुणतो, म्हणून साइन वेव्हचा पाहायचं ठरलं. ते ठरेपर्यंत बॅटरीचा वाद उपस्थित झाला, साधी की ट्युब्युलर. ‘‘बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवर. गुणाकार किती? अठराशे. पण ते कागदावर! जुनी झाली की तीही म्हाताऱ्यासारखी लवकर झोपते.’’ ट्युब्युलर ठरली, तेवढ्यात लिथियमची बातमी आली. ‘‘थांबूया. दोन वर्षांत स्वस्त होईल.’’ दर नव्या शोधाने काकांचा निर्णय दोन वर्षं पुढे जातो, आणि शोध लावणारे काही थांबत नाहीत.

तोवर घरात कंदील होता. काकू रोज संध्याकाळी राख लावून काच पुसत, वात कापत आणि एक शब्द बोलत नसत.

मी २००७ साली जनरेटर घ्यायचं मनात आणलं आणि चूक अशी केली की ते केस कापताना बोललो. संध्याकाळी काका दारात हजर. काखेत लाल दोऱ्याने बांधलेली फुलस्केप वही.

‘‘पंखे?’’

‘‘चार.’’

‘‘तीनशे वॉट. ट्यूब?’’

‘‘पाच.’’

‘‘चोकसकट पावणेतीनशे. देवघरात काय आहे?’’

‘‘झिरोचा बल्ब.’’

‘‘पंधरा.’’

‘‘अहो काका, झिरोचा आहे.’’

‘‘झिरो नुसता नावाला. बारा-पंधरा वॉट खातो तो.’’

आई देवघरातून डोकावली. तो बल्ब फुकट जळतो या समजुतीवर आमच्याकडे तो कैक वर्षं दिवसाही चालू होता. त्या दिवसापासून देवांना फक्त समई.

टीव्ही झाला, फ्रीज झाला, मिक्सर झाला. मग मी विहिरीवरच्या पंपाचं नाव काढलं. काकांनी पेनाला टोपण लावलं. वकील मुख्य साक्षीदाराला हात घालण्यापूर्वी थांबतो तसे थांबले.

‘‘किती हॉर्सपॉवर?’’

‘‘एक.’’

‘‘एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, हे झालं शाळेतलं. पण मोटर उठताना पाच-सहा पट करंट ओढते. पंगतीत पहिल्या वाढपाला जिलबीची ताटंच्या ताटं रिकामी होतात बघ, तसं. नंतर लोक नको नको म्हणतात. पण आचाऱ्याला हिशेब पहिल्या वाढपाचा करावा लागतो.’’

‘‘म्हणजे पहिल्या वाढपाएवढा जनरेटर घ्यायचा?’’

‘‘तोच तर मुद्दा आहे,’’ असं म्हणून त्यांनी चहा घेतला आणि मुद्दा तिथेच ठेवला.

व्हीए आणि वॉट यांतला फरक मला अभियांत्रिकी शिकलेल्या मेव्हण्याकडून कधी कळला नव्हता. तो काकांनी एका वाक्यात सांगितला. ‘‘व्हीए म्हणजे स्थळ बघताना सांगितलेला पगार आणि वॉट म्हणजे हातात पडणारा. शंभराला ऐंशी धरून चाल.’’ असं काही ऐकलं की माणूस त्यांचे सगळे अपराध विसरतो.

‘‘मग कितीचा घेऊ, ते सांगा ना.’’

‘‘पंप आणि फ्रीज एकदम लावणार का?’’

‘‘नाही.’’

‘‘सूनबाई लावेल.’’

‘‘मी नाही लावणार हो,’’ बायको आतून म्हणाली.

काकांनी वहीत लिहिलं: ‘लावण्याची शक्यता.’

आणखी तीन बैठका झाल्या. चौथीच्या आधी मी गुपचूप चिपळूणला जाऊन दोन केव्हीएचा पेट्रोलवरचा जनरेटर टेम्पोत घालून आणला आणि पंपाचा नाद सोडला. काका बघायला आले. भोवती एक प्रदक्षिणा घातली, एक नट उगाच हलवून पाहिला. ‘‘बरा आहे. लहान झाला.’’ पुढच्या आठवड्यात वरच्या आळीतल्या डॉक्टरांनी पाचाचा डिझेल घेतला. तो मोठा झाला होता. माझ्याकडे पुन्हा येऊन त्यांनी लिटरमागे युनिटं मोजली, दीड-दोनच भरली. म्हणाले, ‘‘मंडळाची वीज म्हणजे एसटी. तुझा पंखा स्पेशल रिक्षा करून फिरतोय.’’ त्या रात्री मला पंख्याखाली घाम फुटला.

हळूहळू आळीत सात-आठ यंत्रं झाली. सात वाजता दिवे गेले की कुठे दोरी ओढल्याची खरखर, कुठे शिव्या, मग एकेक धडधड सुरू. काका अंगणात खुर्ची टाकून काळोखात बसत आणि आवाजावरून रोगनिदान करत. ‘‘हा चोक काढायला विसरला.’’ ‘‘ह्याने इस्त्री लावली.’’ डिझेलच्या सेटला सरकारने एक मीटरवर पंचाहत्तर डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे, हेही त्यांना पाठ. डॉक्टरांना ती त्यांनी दोनदा ऐकवली, दोन्ही वेळा यंत्राच्या आवाजात ती ऐकू गेली नाही. माझ्या मते काकांना जनरेटर नकोच होता. स्वतःचा धडधडायला लागला असता तर बाकीचे ऐकू कसे आले असते?

इथपर्यंत वाचून कोणी काकांना नुसतं हसणार असेल तर एक गोष्ट सांगायला हवी. जुलैतली रात्र, पाऊस कोसळत होता. खालच्या आळीतल्या एकाने जनरेटर भिजेल म्हणून मागच्या पडवीत आणला आणि झडीचं पाणी येतं म्हणून पडवीची झापंही लावून घेतली. काकांनी घरात बसून आवाज ओळखला. ‘‘हा आवाज उघड्यावरचा नाही,’’ म्हणाले, आणि डोक्यावर इरलं घेऊन चिखलातून गेले. दार ठोठावण्याआधी त्यांनी यंत्र बंद केलं. घरातली मंडळी वैतागून बाहेर आली, तर म्हातारीला मळमळत होतं आणि पोराचं डोकं ठणकत होतं. दोघांनाही वाटत होतं संध्याकाळची भजी बाधली. ‘‘त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपतो तो झोपतोच. यंत्र भिजू दे, मेल्या!’’ काकांनी कोणाला मेल्या म्हटलेलं आम्ही तेवढंच ऐकलं.

पुढे भारनियमन सरलं. यंत्रांवर गोणपाटं पडली, टाक्यांतलं पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटर चिकटले. काकांच्या घरी येणंजाणं कमी झालं. वही कपाटात गेली.

ती बाहेर आली ३ जून २०२० ला. त्या दिवशी निसर्ग वादळ आलं आणि दुपारभरात आमच्या वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या. विजेचे खांब तर मोजायचंही कोणाच्या मनात आलं नाही. वर टाळेबंदी. आळीतले जनरेटर गोणपाटाखालून निघाले, निम्मे सुरू झाले, आणि त्यांच्याभोवती मोबाइल चार्ज करायला जत्रा जमली. काका तोंडाला पंचा गुंडाळून घरोघरी हिंडायला लागले, आणि या खेपेला लोड कोणालाच विचारेनात. विचारत ते एकच, ‘‘चेंजओव्हर आहे का?’’

मंडळाची लाइन तोडून घर जनरेटरवर घेणारा तो स्विच बहुतेकांकडे नव्हता. लोकांनी दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून तिचं एक टोक जनरेटरला आणि दुसरं भिंतीतल्या सॉकेटला खुपसलं होतं. मेन स्विच पाडायचा, तो कोणी पाडला, कोणी नाही. काका अंगणातूनच ओरडत. ‘‘तुझा करंट मीटरमधून उलटा खांबावर जातोय. पुढे ट्रान्सफॉर्मर त्याचे अकरा हजार व्होल्ट करतो. वर चढलेला पोरगा कोणाचा तरी आहे रे!’’ आणि जुन्या नोकरीला स्मरून त्यांनी त्या वायरी जप्त करायला सुरुवात केली. चार घरांतून चार वायरी. वहीत नोंद, तारीख, घरमालकाची सही. एकाने सही द्यायला नकार दिला, तर तसा शेरा.

खांब उभे करायला बाहेरच्या जिल्ह्यांतून पोरं आली होती. दमली की ती काकांच्या ओटीवर टेकत, आणि काकू कंदिलाच्या उजेडात चहा देत. त्यातल्या एकाने इकडेतिकडे बघून विचारलं, ‘‘काका, सगळ्यांचे जनरेटर तपासत फिरता. तुमच्याकडे नाही?’’

‘‘चौकशी चालू आहे,’’ काका म्हणाले.

आमच्या आळीत दिवे आले तिसऱ्या आठवड्यात. त्यानंतर दिवाळीच्या तोंडावर काका स्वतः माझ्याकडे आले. ‘‘आता निकाल लावायचा. चल खेडला.’’ बँकेतून काढलेले पैसे रुमालात बांधलेले, वही काखेत. मी गाडी काढली. निघताना काकू दारात आल्या. ‘‘येताना कंदिलाची वात आणा. आहे ती दोन बोटंच उरलीय.’’

दुकानदार तरुण होता. त्याने हसत विचारलं, ‘‘बोला काका, लोड किती?’’ बिचाऱ्याला काय माहीत! काकांनी दोरा सोडला. दोन तासांनी दुकानदार स्टुलावर बसला होता, काका उभे होते, आणि छपरावरच्या सोलर पॅनेलना जोडायच्या इन्व्हर्टरचे कागद टेबलावर पसरले होते. मी समोरच्या हॉटेलात दोनदा मिसळ खाऊन आलो. परतताना काकांच्या मांडीवर पुस्तिकांचा गठ्ठा आणि रुमालात पैसे तसेच.

काकू ओटीवरच होत्या. त्यांनी गठ्ठा पाहिला, जनरेटरचं काही विचारलं नाही.

‘‘वात आणलीत?’’

‘‘कशी आणणार?’’ काका म्हणाले. ‘‘रुंदी मोजून दिली होतीस का?’’