इंचाला २६ आटे

तालुक्याच्या गावात एक तरी माणूस असा असतो, की ज्याच्या दारावरून भंगारवाला आरोळी न देता, पाय उचलून जातो. इतर घरांपुढं त्याच्या हातगाडीवर माल चढतो, या एका घरापुढं उतरतो. आमच्या कर्जतात हा मान नानांचा आहे.

नाना जुन्या सायकली जमवतात, असं म्हटलेलं त्यांना चालत नाही. ‘‘जमवायला ती काय पोस्टाची तिकिटं आहेत?’’ सायकल हुडकावी लागते, मागावी लागते, ‘न्हाय द्यायची’ हे ऐकून घ्यावं लागतं, सणासुदीला पुन्हा जाऊन मागावी लागते आणि मिळाली की चालवावी लागते. जी चालत नाही ती नानांच्या लेखी सायकल नव्हे, सामान.

कर्जत म्हणजे लोकलचं नव्हे. ते रायगडातलं. त्याला रेल्वे आहे, धबधबे आहेत, शनिवार-रविवारची मुंबई आहे. आमचं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं. इथं गोदड महाराज आहेत, ज्वारी आहे, रेहेकुरीचे काळवीट आहेत आणि पावसाची वाट बघणं आहे. रेल्वे पाहायची तर दौंड गाठावं लागतं. हा भूगोल नानांना फार महाग पडतो. बाहेरून मागवलेला प्रत्येक भाग आधी त्या कर्जतला जातो, तिथं पत्ता विचारतो आणि मग घाट चढून इकडं येतो. ब्रूक्सची एक चामडी सीट तर तिकडं चांगली आठवडाभर राहून आली. नानांनी ती दाबून पाहिली आणि म्हणाले, ‘‘हवापालट मानवलाय हो तिला. चामडं मऊ पडलंय.’’

नाना निवृत्त ग्रामसेवक. उभी नोकरी याच तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर गेली. घरपट्टीच्या आकारणीला गेले की लोक त्यांना ओटा दाखवायचे, पडवी दाखवायचे आणि नानांची नजर आढ्याला. कारण म्हातारी सायकल जमिनीवर राहत नाही, ती गोठ्याच्या आढ्याला टांगलेली असते, नाहीतर कडब्याच्या गंजीआड उभी असते. कुणाच्या गोठ्यात काय टांगलंय हे नानांना त्या घरातल्या पोराबाळांच्या नावांपेक्षा पक्कं पाठ.

ग्रामसेवक हाच गावचा जन्म-मृत्यूचा निबंधक. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. नानांनी सायकलींची एक नोंदवही घातली आहे, रकाने सरकारी. जन्मस्थळ : नॉटिंगहॅम. राहण्याचे ठिकाण : कुळधरण, गोठा, पूर्वेकडील आढे. मृत्यूचे कारण : ‘मुलाने मोटारसायकल घेतली’, ‘कडब्याखाली दबून’, ‘नातवाने चाक काढून खेळण्यास नेले’. मृत्यूचा रकाना मात्र नाना पेन्सिलीनं भरतात, पुढं-मागं खोडता यावा म्हणून.

सायकलीचं कूळ ओळखण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. पुढच्या पाटीवर त्यांचा विश्वास नसतो. पाटी दोन रिबिटांची, कुणीही कुणालाही लावतो. ते आधी पायडलजवळचं दातेरी चक्र बघतात. त्यात बी, एस, ए ही अक्षरं कापलेली असली तर बर्मिंगहॅमची बीएसए, मूळचा बंदुकांचा कारखाना, म्हणून तिच्या चिन्हात तीन रायफली. चक्रात माणसं कोरलेली असली तर हंबर. आणि लांब मानेचे बगळे असले तर रॅले. हिवाळ्यात लोक दुर्बिणी घेऊन भिगवणला रोहित पाहायला जातात. नाना बॅटरी घेऊन गोठ्यांतून बगळे पाहत हिंडतात.

बगळा सापडला म्हणून काम संपत नाही. १९५२ पासून आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना सुरू झाला आणि तोच बगळा बंगालात जन्माला येऊ लागला. मद्रासजवळ अंबत्तूरची टीआय १९४९ ची, तिनं पुढं हर्क्युलस, फिलिप्स काढल्या. सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ ची, लुधियान्याची हीरो १९५६ ची, वरळीची हिंद वेगळीच. म्हणजे एकाच नावाच्या दोन सायकली, एक बोटीनं आलेली, एक मालगाडीनं. नाना सायकल उलटी करतात, सांध्यावरचा मळ नखानं काढतात, नटाच्या डोक्यावरची खूण बघतात आणि मालकाला सांगतात, ‘‘तुमचे आजोबा इंग्रजी म्हणत होते ना? बंगाली आहे.’’ यावरून दोन घरांशी त्यांचं जाणं-येणं बंद झालं आहे.

रॅलेची एक खोड आहे. पायडलाचा आस ज्या कटोऱ्यांत फिरतो त्या कटोऱ्यांचे आटे इंग्रजी मापात इंचाला २४ असतात. रॅलेनं आपले २६ ठेवले, म्हणजे दुसऱ्याची कटोरी रॅलेला बसत नाही आणि रॅलेची दुसऱ्याला. त्या वरच्या दोन आट्यांत नानांच्या पेन्शनीतला फरक गेला. गावातला मिस्त्री म्हणतो, ‘‘नाना, हातोडी मारून बसवू का?’’ नाना त्याच्या हातातून सायकल काढून घेतात, जणू तो सज्ञान माणसाचा पाय मोडायचं बोललाय.

या छंदाचं गणित असं, की सायकल कधी एकटी येत नाही. दिव्याची आकडी हवी असते, पण आकडी कुणी सुटी देत नाही. ‘न्यायची तर अख्खी न्या.’ अख्खी आणली की तिची आकडी जाते पहिलीला आणि आता दुसरी बिनआकडीची. तिच्यासाठी तिसरी. काकींचा हिशेब सोपा आहे. ‘‘घरात माणसं दोन, सायकली चौदा, अन् पाव्हण्याला टेकायला खुर्ची न्हाय.’’ सीटचं चामडं तडकू नये म्हणून घरातलं खोबरेल तेल सीटला जातं. ‘‘माझे केस पिकले ते पिकले,’’ काकी म्हणतात, ‘‘सीटी बघा कशा काळ्याभोर.’’

काकींना याहून मोठं बोलायचा अधिकार आहे. लग्नात जावयाला सायकल, घड्याळ, रेडिओ द्यायचा तो काळ. सासऱ्यांनी हौसेनं हर्क्युलस दिली होती. पुढं कायनेटिकची लूना आली, नगरचाच कारखाना, आणि लूनाच्या पैशांत भर घालायला नानांनी ती हर्क्युलस विकली. ‘‘माझ्या बापाची घालवली, अन् आता लोकांच्या बापांच्या गोळा करतायत.’’ यावर नानांकडं उत्तर नाही. नोंदवहीत त्या हर्क्युलसचं पान आहे. तिथं मृत्यूचा रकाना पेन्सिलीनंसुद्धा भरलेला नाही.

नानांच्या पराक्रमांत मिरजगावच्या बाजूचं हंबर प्रकरण पहिल्या नंबराचं. आपल्याकडं जुन्या सायकलीचं पुढचं चाक आणि चिमटा घेऊन मागं दांडी लावतात, खाली पास बसवतात आणि त्याचं कोळपं करतात. स्वस्तातलं, एका माणसाचं, बैल लागत नाही. पेरणीनंतरच्या पावसानं उघडीप दिली होती, नाना रस्त्यानं चालले होते. तुरीत एक गडी कोळपत होता. नानांनी सायकलवरूनच पाहिलं, की कोळप्याच्या चिमट्याला दोन्ही बाजूंना दुहेरी नळ्या आहेत. दुहेरी नळ्यांचा चिमटा म्हणजे हंबर! विलायतेची हंबर तुरीतलं तण काढत होती.

नाना बांधावर उभे राहिले.

‘‘देता का?’’

‘‘काय?’’

‘‘कोळपं.’’

‘‘वापसा आलाय नाना. आता कोळपं देऊ का पोरगी देऊ?’’

नानांनी रक्कम सांगितली. गडी म्हणाला, ‘‘पैशानं तण निघतं व्हय?’’ नाना माघारी फिरले, गावातून लुधियान्याचा नवा चिमटा आणि चाक घेतलं, वेल्डरकडं बसून तसलंच कोळपं करून घेतलं आणि तिसऱ्या प्रहरी तुरीत हजर. गड्यानं नवं कोळपं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘मी ह्याच्यावर हात बसवतो, तवर तुम्ही त्या दोन तासांवरनं फिरवा.’’ नानांनी पायजमा खोचला आणि हंबरच्या शेतीकामाच्या शेवटच्या दोन फेऱ्या स्वतः मारल्या. घरी येऊन सांगत होते, ‘‘मातीत इतकी वर्षं राबली, पण चिमटा सरळ आहे हो. कणाचा आऊट नाही.’’

त्या चिमट्याला फ्रेम मिळाली जामखेडकडं. फ्रेमवाला म्हणाला, सोबत ही फिलिप्सही न्या, जागा अडली आहे. फिलिप्सला मागचं चाक नव्हतं. अशा रीतीनं एका कोळप्यापायी पडवीत दीड सायकल वाढली.

आता व्यापार. नाना स्वतःला व्यापारी समजतात. ‘‘घ्यायची आणि द्यायची, आपल्याला मोह नाही.’’ घेण्याची रीत त्यांनी बैलबाजारातून उचलली आहे. भंगारवाल्याशी भाव बोलून करत नाहीत, रुमालाखाली बोटं धरून करतात, म्हणजे काकींना आकडा कळत नाही. द्यायची वेळ आली की मात्र घोडं अडतं. पुण्याहून एक तरुण मोटार घेऊन आला. रॅले पाहिली, फोटो काढले, नानांनी सांगितला तो भाव कबूल केला. नानांचा चेहरा पडला. त्यांनी विचारायला सुरुवात केली. घर कितव्या मजल्यावर? ऊन कुठून येतं? तेल कोण घालणार? चेन उतरली तर चढवता येते का? तरुणानं सगळ्यांना नीट उत्तरं दिली आणि शेवटी सहज बोलून गेला, ‘‘कॅफे काढतोय. भिंतीवर टांगणार आहे.’’

‘‘टांगायचीच होती,’’ नाना म्हणाले, ‘‘तर ती गोठ्यात टांगलेलीच होती की.’’ तरुणाला चहा मिळाला, सायकल मिळाली नाही.

म्हणून त्यांचा खरा व्यवहार पैशाचा नाही, अदलाबदलीचा. मिलरचा एक डायनामो म्हणजे दोन चेनकव्हर आणि एक जेवण. लुकासची घंटी म्हणजे रबरी पायडलांची जोडी. नगरपालिकेचा सायकल कराचा पितळी बिल्ला घासला जातो, पाहिला जातो, पण दिला जात नाही. पुण्याच्या जुन्या बाजाराला रविवारी नाना एसटीनं जातात ते पिशवीत पाच भाग घेऊन, येतात सात घेऊन आणि नफा झाला म्हणतात.

त्याच शहरात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातली, छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए तिथं पाहायला मिळते. नाना एकदा जाऊन आले. तल्लीन होऊन बघत होते म्हणे. परतल्यावर कसं वाटलं विचारलं, तर म्हणाले, ‘‘उत्तम. पण सगळ्या पुऱ्या आहेत हो!’’ हे ते आजाऱ्याची चौकशी करून आल्यासारखं बोलले.

नाना चालवतात मात्र बिनतक्रार. पायजम्याला क्लिप, डोक्याला टोपी, खाली वीस किलो लोखंड. राशीनवरून सिद्धटेक हा त्यांचा आवडता रस्ता. त्यांच्या फिलिप्सचं मागचं चाक राशीनच्या दीपमाळेसारखं डुलतं, आणि दीपमाळ निदान हलवली तरच हलते. दांड्यांचे ब्रेक रबर रिमवर टेकवतात, पण थांबायचं की नाही हे उतार ठरवतो. अष्टविनायकाला सायकलवर निघालेली पुण्याची मुलं त्यांना वाटेत भेटतात. हेल्मेट, गॉगल, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, एका बोटावर उचलेल अशी सायकल.

‘‘काका, विंटेज आहे? गिअर किती?’’

‘‘दोन. बसून आणि उतरून.’’

‘‘आणि ही तुमची केवढ्याला?’’ नाना विचारतात. मुलगा लाखातला आकडा सांगतो आणि लाजून म्हणतो, ‘‘तशी सुरुवातीचीच आहे, काका.’’ नाना त्याच्या पाठीवर हात ठेवतात. ‘‘असू दे. आमचीही सुरुवात साधीच होती.’’

पुतण्यानं एकदा मोबाइलवर इटलीतली लेरोइका दाखवली. गायोले नावाच्या गावातून १९९७ पासून निघणारी जुन्या सायकलींची फेरी. सायकल १९८७ च्या आधीची हवी, गिअरचा खटका फ्रेमच्या नळीवर हवा, ब्रेकच्या तारा उघड्या हव्यात आणि रस्ता कच्चा, पांढऱ्या खडीचा. लोक जगभरातून पैसे भरून त्या धुळीत येतात. नानांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, ‘‘एवढ्यासाठी इटली? आमच्या पाणंदीनं म्हणावं या. पैसे नकोत. ट्यूब तेवढ्या जादा आणा.’’

आणि मग गेल्या उन्हाळ्यात नानांवर संकट कोसळलं. एक सायकल पुरी झाली.

तीन गिअरची रॅले, एके काळी कुणा डॉक्टरची. तिला फक्त दिव्याची आकडी नव्हती. कुळधरणच्या एका आजींनी ती भिंतीत ठोकून खुंटी केली होती, वर पिशवी अडकवायला. नानांनी चार खुंट्यांची नवी पट्टी देऊन ती सोडवली, घासली, बसवली, वर लुकासचा दिवा लावला. मागं सरून पाहिलं. काही कमी नव्हतं. घंटी, पंप, चेनकव्हर, मडगार्डावरची पांढरी पट्टी, सगळं जिथल्या तिथं.

दुसऱ्या दिवसापासून नाना बसून. फेरीला गेले नाहीत, नोंदवही उघडली नाही. भंगारवाला मुद्दाम थांबला, रुमाल पुढं केला, नानांनी हात दिला नाही. जेवताना अर्धी भाकरी ताटात. काकींनी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही. मला बोलावणं आलं, ‘‘जरा बोला त्यांच्याशी.’’

मी गेलो तर नाना पडवीत पालथे पडलेले, रॅलेचं मागचं चाक बाहेर, हातात नातवाचं भिंग. चाकाच्या पोटातली धडधड ऐकू यावी इतके जवळ. मला बघून उठले ते ओरडतच.

‘‘फ्रेमच्या नंबरावरून सायकल बावन्नची. आता हे हब बघा. स्टर्मी-आर्चर हबवर साल ठोकायची. काय दिसतंय?’’

ग्रीसखाली ५४ दिसत होतं.

‘‘चाक बदललंय!’’ नानांचा आवाज पडवीत मावेना. ‘‘कुणीतरी दोन वर्षांत चाक बदललंय! म्हणजे बावन्नचं मूळ हब कुठंतरी असणार. डॉक्टर तेव्हा कुठं होते? जामखेड? श्रीगोंदा? नोंदवही आणा!’’

आतून काकींनी विचारलं, ‘‘सापडली का काही खोट?’’

‘‘सापडली!’’

‘‘मग हात धुवा. भाकरी गरम आहे.’’