चौदा जणांचं ऑफिस

स्मिथचा पगार आठशे. वीसेक वर्षांपूर्वी एमसीए, बीसीए किंवा बीसीएस यांपैकी काहीही केलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. स्वतःच्या वडिलांना तेव्हा किती पगार होता, ते त्याला सांगता येईलच असं नाही. तो आकडा पुष्कळ घरांत आईलाही पक्का ठाऊक नसायचा. आठशे काय, हा प्रश्न मात्र आम्हांला कधी पडला नाही. तक्त्यात चलन लिहिलेलंच नव्हतं. ऑफिस न्यूयॉर्क, डॅलस, शिकागोला. म्हणून डॉलर धरायचे, आणि महिन्याचे की आठवड्याचे हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडायचं.

हे ऑफिस ओरॅकलच्या डेटाबेससोबत सरावाला मिळायचं. ‘एम्प’ आणि ‘डेप्ट’ असे दोन मुख्य तक्ते. एकात चौदा माणसं, दुसऱ्यात चार विभाग. आत शिरायचं नाव स्कॉट, पासवर्ड टायगर. ब्रूस स्कॉट हा कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांतला प्रोग्रॅमर आणि टायगर हे त्याच्या घरचं मांजर. पुण्यातल्या आमच्या कॉलेजात लॅबबाहेर चपलाबूट काढून, एसीत कुडकुडत, लातूर-सांगली-जळगावहून आलेली सगळी पोरंपोरी रोज एका अमेरिकन मांजराच्या नावानं आत जायची. (बूट का काढायचे, तर धुळीनं कॉम्प्युटर बिघडतो म्हणून. मोज्यांच्या वासानं आमचं काय बिघडतं, याचा विचार झालेला नव्हता.)

तक्ते ही कल्पना एडगर कॉड या इंग्रज गृहस्थाची. 1970 साली आयबीएममध्ये असताना त्यानं मांडलं, की माहिती साध्या ओळी-स्तंभांत ठेवा. ती यंत्रात नेमकी कुठे पडली आहे याची काळजी वापरणाऱ्यानं करू नये. परीक्षेत यावर हमखास प्रश्न. कॉड दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होता, हे मात्र आमच्या पुस्तकात नव्हतं. मला ते फार नंतर कळलं आणि एकदम पटलं. इतक्या उंचावरून बघणाऱ्याला माणसांची वस्ती चौकोनाचौकोनांचीच दिसणार.

पण आम्हांला खरं शिकवलं ते त्या चौदा जणांनी. स्मिथ कारकून, 17 डिसेंबर 1980 ला लागलेला. त्याचा साहेब फोर्ड, फोर्डचा साहेब जोन्स, जोन्सचा किंग. ही साखळी काढायची तर तक्ता स्वतःलाच जोडावा लागतो, कारण साहेब हाही त्याच तक्त्यातला एक नोकर. एवढं एक सत्य समजायला काही लोकांना निवृत्त व्हावं लागतं. आम्हांला ते दुसऱ्या सेमिस्टरला, सेल्फ जॉइन या नावाखाली, मिळालं. किंगच्या साहेबाचा रकाना रिकामा होता.

रिकामा म्हणजे शून्य नव्हे. टर्नर विक्रेता, त्याचं कमिशन शून्य. स्मिथचं कमिशन नल, म्हणजे रिकामं. टर्नरला कमिशन लागू आहे, या खेपेला हाती काही आलं नाही इतकंच. स्मिथच्या बाबतीत तो विषयच नाही. आमच्या सरांनी हे एका वाक्यात उरकलं: स्थळाकडून ‘नाही’ येणं वेगळं आणि काहीच न येणं वेगळं. वर्गातल्या थोराड मुलांनी गंभीरपणे माना हलवल्या. पुढची गंमत अशी, की स्मिथचा पगार अधिक कमिशन अशी बेरीज मागितली, तर हातचे आठशेही जातात. ठाऊक नसलेल्यात काहीही मिळवा, उत्तर ठाऊक नसलेलंच. मग एनव्हीएल नावाचं फंक्शन वापरून नलचं शून्य करायचं, की गरिबाचे आठशे परत.

आम्ही त्या लोकांना पगारवाढही दिली. दर प्रॅक्टिकलला सरसकट दहा टक्के, आणि आउटपुट लिहून झालं की रोलबॅक. इतक्या वेळा वाढून इतक्या वेळा परत गेलेला पगार जगात दुसऱ्या कुणाचा नसेल. एकदा आमच्यातल्या एकानं एका माणसाला काढायचं म्हणून डिलीट लिहिलं, ‘व्हेअर’ची अट राहिली, आणि किंगसकट सगळे घरी गेले. घाबरून त्यानं एक्झिट मारलं. त्या प्रोग्रॅममधून सरळ बाहेर पडलं, तर झालेलं सगळं कायम होतं, हे त्याला तेव्हा कळलं. लॅब असिस्टंटनं शांतपणे एक फाइल चालवली आणि चौदाही जण जुन्याच पगारावर, जुन्याच तारखेपासून, सेवाज्येष्ठतेसह हजर. कुठल्याही युनियनला जमलं नसतं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट. आमच्या गटानं, आधीच्या आणि नंतरच्या असंख्य गटांप्रमाणे, ग्रंथालयाची सिस्टिम केली. तिच्या अहवालात एक प्रकरण ठरलेलं असतं: सध्याच्या पद्धतीचे तोटे. हाताने नोंदी करण्यात वेळ जातो, चुका होतात, पुस्तक शोधणं कठीण, वगैरे. आम्ही त्यात कसर ठेवली नाही. आमचे ग्रंथपाल मात्र लेखकाचं नाव अर्धवट सांगितलं तरी कपाटाकडे बोट दाखवायचे. ते बोट कोणत्या रकान्यात बसवावं हे न सुचल्यामुळे तोट्यांच्या प्रकरणात त्याचा उल्लेख नाही. काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत बांधलेली ब्लॅक बुकची एक प्रत नियमानुसार ग्रंथालयात गेली. ग्रंथपालांनी दाखल नोंदवही उघडली, सुवाच्य अक्षरात क्रमांक घातला आणि आमची सिस्टिम त्यांच्या सिस्टिममध्ये कपाटात ठेवली. ती त्यांना लगेच सापडते, असं ऐकून आहे.

तोंडी परीक्षेला एक्स्टर्नल आले होते एका सरकारी कॉलेजातून. लातूरच्या मित्राला त्यांनी जुनाच प्रश्न घातला. दोन्ही तक्ते जोडले की न्यूयॉर्क, डॅलस, शिकागो येतात. चौथा विभाग, बॉस्टनचा ऑपरेशन्स, येत का नाही? उत्तर सोपं आहे: तिथं एकही माणूस नाही, तो विभाग दिसायला हवा असेल तर आउटर जॉइन लावायचा. मित्राला जॉइनचं नाव आठवेना. तो म्हणाला, “सर, पदं मंजूर आहेत, पण भरती निघालेली नाही.”

एक्स्टर्नलनी चष्मा काढून पुसला. “आमच्याकडेही नाही,” ते म्हणाले, आणि पैकीच्या पैकी मार्क देऊन पुढच्याला बोलावलं.