पेनाचे सोयरे

लिहिणाऱ्या माणसाचा गर्व फुगायला फार हवा लागत नाही. झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनच्या आसपास बोलल्या जाणाऱ्या गोंडीत ‘पेन’ म्हणजे देव, एवढं कळलं तरी पुरतं. मग टपरीवरचं दहा रुपयांचं पेन देव्हाऱ्यातलं वाटू लागतं, लेखक आपोआप पुजारी होतो आणि मानधन बुडवणाऱ्याला पाप लागायची सोय होते. पण हाच शब्द पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत नेला की पुजाऱ्याची पंचाईत होते. तेलुगूत ‘पेनु’ म्हणजे ऊ. तमिळमध्येही ‘पेन्’ म्हणजे ऊच. कन्नडात तिची ‘हेनु’ होते, कारण जुन्या कन्नडातला शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. दुधाच्या ‘पाल्’चं ‘हालु’ झालं ते याच नियमाने. शिवाय दूर ब्रिटनमधल्या वेल्श भाषेत ‘पेन’ म्हणजे डोकं. म्हणजे तेलुगू पेनूला राहायला वेल्श पेन आयतंच मिळालं.

एवढं जमून आल्यावर गप्प बसणं कठीण. देव काय आणि ऊ काय, दोन्ही डोक्यात शिरतात आणि सहजासहजी निघत नाहीत. तेव्हा मूळ एकच असणार, असा सिद्धांत मांडायला माझ्यासारख्याला पुरावा लागत नाही, फक्त मोकळी दुपार लागते. पु. ना. ओकांनी व्हॅटिकनची ‘वाटिका’ आणि ख्रिश्चॅनिटीची ‘कृष्णनीती’ केली, त्याला आपण हसतो. पण जात एकच. मुकुटबनकराला तर आमिष दारातच आहे. पैनगंगेला इंग्रजी स्पेलिंगमधून परत आणा, ‘पेनगंगा’ होते. गोंडी पेन जोडा, ‘देवगंगा’ तयार! अडचण इतकीच की ही नदी उगम पावते थेट बुलढाण्याकडे, अजिंठ्याच्या डोंगरात. आणि पूर्वेला तिची नावबहीण वैनगंगा उभी आहे. जो ‘पैन’ सोडवील, त्याला ‘वैन’ही सोडवावा लागेल. एकीला देव मिळवून दिला आणि दुसरीला वाऱ्यावर सोडलं, तर ती व्युत्पत्ती नव्हे, पक्षपात झाला.

माझं म्हणणं साधं आहे: शब्दांच्या सोयरिकीत कान हा सगळ्यात खोटा साक्षीदार. आपलं लिहायचं पेन निघालं लॅटिन ‘पेन्ना’पासून, म्हणजे पीस, कारण बोरू आपला, पण युरोपची लेखणी पिसाची. या ‘पेन्ना’च्या मागे उडण्याचा अर्थ असलेला प्राचीन धातू आहे, संस्कृत ‘पत्’चा सख्खा. त्याच ‘पत्’पासून ‘पत्र’: आधी पंख, मग झाडाचं पान, मग पोस्टाने जाणारं. म्हणजे पेन आणि पत्र हे खरे चुलतभाऊ, आणि चेहरेपट्टी मात्र कुठेच जुळत नाही. उलट कंपासपेटीत पेनाला खेटून झोपणारी पेन्सिल त्याची कुणीच नव्हे. ती निघाली छोट्या कुंचल्याच्या लॅटिन नावातून, आणि त्याही मागे आहे शेपूट. पेनिसिलिन मात्र पेन्सिलीच्या माहेरचं, कारण त्या बुरशीचा आकार कुंचल्यासारखा. थोडक्यात, पेनाने लिहिणारा पिसाने लिहितो आणि पेन्सिलीने लिहिणारा शेपटाने. टीकाकारांनी यातून हवा तो अर्थ काढावा.

कुणी म्हणेल, पण इतके योगायोग कसे? उत्तर असं की शब्द जितका आखूड, तितके योगायोग स्वस्त. माणसाच्या तोंडाला सोपे जाणारे आवाज थोडेच, भाषा मात्र हजारो. ‘पेन’ त्यांतल्या बऱ्याच भाषांत सापडला नसता, तर नवल होतं. नातं ठरतं ते ‘प’चा ‘ह’ होण्यासारख्या, शंभर शब्दांना सारख्या लागणाऱ्या नियमांनी. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात गोंडी ‘पेन’ उवेजवळ बसलेला नाही. तो बसला आहे तमिळ ‘पेय्’जवळ, म्हणजे भुताजवळ. एका घरचा देव, तोच भावाच्या घरी भूत! भाऊबंदकी याहून खरी कुठली असणार?

इथे मात्र विनोद थोडा अडखळतो. गोंडीला आपण या खेळात बोलावतो ते आपल्या पेनावर कळस चढवायला. तिचा स्वतःचा पेन, पेनठाण्यातला म्हणजे देवस्थानातला, कसा आहे हे विचारायला नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात झाली, आपण पेढे वाटले, वाटावेतच. पण २०११च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी सांगितलेली गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि झरी जामणीच्या पोडांवरची, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवरची, कोलामी जेमतेम सव्वा लाखांची. सेतुमाधवराव पगडींनी १९५० साली कोलामीचं व्याकरण छापलं. १९५५ साली एमेनोने वर्ध्याकडच्या कोलामीवरचं पुस्तक कॅलिफोर्नियातून काढलं. मराठी इतिहासकार म्हणून पगडींना आपण ओळखतो, त्यांचं हे काम मात्र किती जणांना ठाऊक आहे? ‘या बोली आहेत, भाषा नव्हेत’ असा आक्षेप येतोच. ज्यांची व्याकरणं लिहून झाली त्यांना बोली म्हणायचं, तर मराठीलाही शेजाऱ्यांनी तेच म्हटल्यास रागावू नये.

म्हणून मुकुटबनच्या शाळेत ‘पेन काढा’ म्हणताना गुरुजींनी एवढं करावं: फळ्यावर त्या शब्दाचे सगळे अर्थ लिहावेत आणि गोंडी अर्थ वर्गातल्या गोंड पोरालाच सांगू द्यावा. माझ्या पेनाला यातला कोणता लागू, हे वाचकांनी ठरवावं. हे वाचून कुणी डोकं खाजवलं, तर ते तेलुगू आहे असं समजायला माझी हरकत नाही.